बुधाजी गमरेचं रक्त गेलं कुठे?

१

बुधाजी गमरेचं रक्त फ्रीजरमधून गायब झालं होतं.

तेही एकदम सफाईने. पांढरा पुठ्ठ्याचा डबा, आत अंड्यांच्या ट्रेसारखे खण, प्रत्येक खणात करंगळीच्या पेराएवढी ट्यूब, आणि नेमक्या बुधाजीच्या खणात नुसता बर्फाचा चुरा. डॉक्टर अभय केळुसकरांनी डबा वर उचलून खालून बघितला. जसं काही ट्यूब तळातून गळून पडली असावी.

"परवा मी स्वतः पाहिली होती," डॉक्टर म्हणाले.

"मग काय, चहा प्यायला गेली?" राजरत्न म्हणाला.

डॉक्टर हसले नाहीत. राजरत्नही हसला नाही, आणि त्याच्या बाबतीत हे जरा काळजीचंच होतं. राजरत्न गमरे म्हणजे लालबागच्या चाळीतला एक नंबरचा फिरकीबाज. पन्नाशी उलटली तरी खोड गेली नव्हती. एकदा त्याने चाळीच्या फळ्यावर 'उद्यापासून जिना वन-वे' अशी नोटीस लावली, तर अख्खा आठवडा म्हातारेकोतारे चढायला पुढचा जिना आणि उतरायला मागचा जिना वापरत होते. पोटापाण्याचा धंदा मात्र उलटा. विमा कंपनीसाठी क्लेम तपासायचे, लोकांनी मारलेल्या थापा पकडायच्या. थापाड्यालाच थापा पकडायला ठेवला, कंपनीने तेवढं एक काम डोकं लावून केलं, असं तो स्वतःच सांगत फिरायचा.

आजचा क्लेम घरचा होता. बुधाजी त्याचा थोरला भाऊ, कॉटन ग्रीनच्या गोदामांत जन्मभर वायरमन. शिडीवरून उतरला, डोकं धरून बसला, तो बसलाच. मेंदूत रक्तस्राव. परळच्या या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून डोळे मिटलेले, तोंडात श्वासाची नळी. ती नळी तोंडात फार दिवस ठेवता येत नाही. आता एकतर गळ्याला भोक पाडून तिथून नळी घालायची आणि महिनोन् महिने झुंजायचं, नाहीतर सगळं थांबवून घरी न्यायचं. घरी न्यायचं म्हणजे काय हे कोणी तोंडाने बोललं नव्हतं. उत्तर उद्या सकाळी द्यायचं होतं, आणि ते बुधाजीची बायको रमाबाई देणार होती.

रमाबाईचं जवळजवळ ठरलं होतं. घरी न्यायचं. कारण एक आकडा.

"डॉक्टर, तो आकडा मला परत समजवा," राजरत्न म्हणाला. "शेवटच्या बाकावरच्या पोराला समजवतात तसा."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "मेंदूत वायरिंग असतं असं समजा. रक्तस्राव झाला की तारा तुटतात. त्या तारांच्या आत एक प्रोटीन असतं, त्याचा भुगा रक्तात उतरतो. भुगा जास्त, तर नुकसान जास्त. आम्ही तो भुगा मोजतो. त्यावरून पेशंट पुढे कितपत सावरेल हे आधी कळतं का, एवढाच आमचा अभ्यास आहे."

"आणि दादाचा भुगा?"

"भरती झाले तेव्हाच्या रक्तात कमी होता. मला बरं वाटलं होतं. दुसऱ्यांदा रक्त घेतलं तर भरमसाट. असं होतं कधीकधी. पहिले काही दिवस तो चढत जातो, आणि एकदा चढला की आठवडेन् आठवडे उतरत नाही."

"अभ्यासातले आकडे घरच्यांना सांगायचे असतात?"

"नसतात." डॉक्टरांनी चष्मा परत पुसला. "वहिनींनी विचारलं, माणूस परत येणार का हो? माझ्या तोंडून निघून गेलं."

म्हणून राजरत्नने हट्ट धरला होता की आकडा परत काढा. नवीन रक्त घेता येत नव्हतं. अभ्यासाचं रक्त ठरलेल्या दिवशीच घ्यायचं, मध्येच टोचायचं तर कमिटीची परवानगी, आणि कमिटी म्हणजे आठवड्याची निश्चिंती. ही टेस्ट बाहेर कुठे मिळतही नव्हती. पण त्याच रक्ताची एक जादा ट्यूब फ्रीजरमध्ये होती. ती काढायला म्हणून दोघं या खोलीत आले, आणि हा प्रकार.

"चावी कोणाकोणाकडे असते?"

"माझ्याकडे. वॉर्डच्या राधा सिस्टरांकडे. आणि जोएलकडे, तो रक्त घेतो आणि ट्यूब लावतो."

कुलूप धडधाकट होतं. डबा भरलेला होता. एवढ्या पेशंटांच्या रक्तातून, जो धड पापणीही हलवत नाही अशा एका वायरमनचंच रक्त कोणाला हवं होतं?

२

वॉर्डबाहेरच्या बाकावर रमाबाई बसली होती. मांडीवर कागदाची डिश, डिशमध्ये फुगे. रबराचे नाही, मुंबईचे ईस्ट इंडियन ख्रिश्चन लोक मैद्याचे गोल गोल तळतात ते.

"खा की राजाभाऊ, गरम आहेत," जेन म्हणाली.

जेन गिरगावातली. तिचा नवरा फेलिक्स ह्याच वॉर्डात, ह्याच दुखण्याने पडलेला. दोन्ही बायका एका बाकावर बसून बसून मैत्रिणी झाल्या होत्या. एकीने डबा आणायचा, दुसरीने चहा. राजरत्नने पहिल्याच दिवशी जेनला सांगून ठेवलं होतं की इथल्या लिफ्टमध्ये उजवा पाय आधी टाकायचा, नाहीतर सेन्सर अडकतो. बाई दोन दिवस इमानदारीत उजवा पाय टाकत होती. कळलं तेव्हा तिने त्याला पर्सने हाणलं, आणि त्यानंतर तो दिसला की ती आधीच हसायला लागायची.

"आज कसली पार्टी?" त्याने विचारलं.

"आमच्या फेलिक्सचा रिपोर्ट आला ना. तुमच्या डॉक्टरचा तो भुग्याचा. पहिला एवढा खराब होता, डॉक्टर माझ्या तोंडाकडे बघत नव्हता. आणि दुसरा एकदम खाली. मी लगेच नेरिसाला फोन लावला. पोरगी टोरांटोत, उद्याचं तिकीट काढून बसलेली. म्हटलं बाई, घाई नको करू, डॅडी सुधारतोय. सुट्टी वाचव, नाताळला ये आरामात."

"ऐकलं तिने?"

"आज कॅन्सल करते म्हणाली."

रमाबाईने एक फुगा तोंडात टाकला आणि चावत राहिली. "खिडकीची खाट लाभली तुम्हाला," ती म्हणाली. मनापासून म्हणाली.

"लाभली ग. दाराशी होता तेव्हा सारखी धडधड, ये-जा. मी राधा सिस्टरला बोलले, जरा ऍडजस्ट करा ना. देवासारखी बाई, लगेच केलं. तुझ्या ह्यांना दाराकडे जावं लागलं, त्याचं मला वाईट वाटतं हां रमा."

"त्यात काय. ह्यांना कुठं कळतंय, दार काय नि खिडकी काय."

राजरत्नने तिला बाजूला घेतलं. "वहिनी, उद्या काही सांगू नका. ट्यूब गेलीय. ह्यात काहीतरी लोच्या आहे."

"ट्यूब गेली म्हणून आकडा बदलणार आहे का भावजी?" रमाबाई आवाज न चढवता बोलायची, त्यामुळे जास्त लागायचं. "हा माणूस बाबासाहेबांच्या जयंतीला एकटा सगळ्या मैदानाची लायटिंग करायचा. कोणाला वायर धरू द्यायचा नाही. परत येणार नसेल तर मी त्याच्या गळ्याला भोक कशासाठी पाडू? नुसतं मला धुवायला-पुसायला मिळावं म्हणून? सांगा, मी ऐकते."

राजरत्नने एक फुगा उचलला आणि तसाच हातात धरून राधा सिस्टरांच्या टेबलाकडे गेला.

राधा सिस्टर मालवणच्या. वॉर्डावर त्यांचा असा दरारा की सलाईनचे थेंबसुद्धा रांगेत पडायचे. पण राजरत्नने फ्रीजरचं नाव काढल्याबरोबर त्यांचा हात गळ्यातल्या चावीवर गेला.

"माझी चावी माझ्याकडेच हा. मी कोणाचा काय नेलंय नाय."

"मी कुठे म्हटलं नेलं?"

"मी जा काय केलंय ता पेशंटच्या भल्यासाठी केलंय. वर जावन कोणी सांगितला तर सांगू दे."

"काय केलंत, सिस्टर?"

कपाळावर घाम. एसी फुल चालू होता.

"मी ट्यूबबद्दल बोलतच नाय आसंय," त्या म्हणाल्या आणि उठून गेल्या.

३

राजरत्न भावाजवळ जाऊन उभा राहिला.

खरं सांगायचं तर, भाऊ म्हणून ओळखायला काही उरलं नव्हतं. डोकं भादरलेलं, त्यावर पट्टी, तोंड सुजून डब्बल झालेलं, गालावर चिकटपट्ट्या. ह्या वॉर्डात सगळेच एकमेकांचे जुळे भाऊ दिसायचे. पहिल्या दिवशी तर रमाबाई दुसऱ्याच खाटेशी जाऊन 'अहो' म्हणून आली होती. हातही सुजलेले. मनगटावरचा नावाचा बँड रुतायला लागला म्हणून कापून खाटेच्या दांडीला चिकटवला होता. दांडीलाच एक छोटा ट्रे टांगलेला.

"ह्या ट्रेमध्ये काय असतं?" त्याने मागून येणाऱ्या जोएलला विचारलं.

जोएल डिसोजा. तिशीच्या आतला, चापूनचोपून भांग पाडलेला, बोलायला मऊ. "रक्ताच्या ट्यूब, अंकल. नावाचे स्टिकर लावून आदल्या संध्याकाळीच ठेवतो. सकाळी राऊंडला यायचं, घ्यायचं, पुढे जायचं. नाहीतर एवढ्या लोकांचं उरकत नाही."

"गिरगावचा का तू?"

"हो."

"मग जेनबाईंना ओळखत असशील."

"जेन आंटीने मला चर्चच्या कॉयरमध्ये गायला शिकवलं." एवढं बोलून जोएल दुसऱ्या खाटेकडे वळला. तिथे काही काम नव्हतं.

तीन चाव्या, तीन माणसं. डॉक्टरांना स्वतःची टेस्ट खोटी पडायला नको असणार, परत मोजून आकडा बदलला तर अख्ख्या अभ्यासाची इज्जत जाते. सिस्टर काहीतरी लपवतायत हे तर आंधळ्यालाही दिसेल. आणि जोएल फारच सभ्य. राजरत्नच्या धंद्यात फार सभ्य माणसाची फाईल तो दोनदा वाचायचा.

विचारून कोणी सांगणार नव्हतं. मग त्याने आपलं नेहमीचं हत्यार काढलं. थाप.

आधी सिस्टर. "सापडली हो ट्यूब," तो जाता जाता म्हणाला.

"गावली? बरा झाला," सिस्टरांनी सुस्कारा सोडला. "कुठे होती?"

"सांगतो नंतर."

मग डॉक्टर. "सापडली ट्यूब."

"कुठे? वितळली नाही ना? हात कोणी लावला?" डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठले.

"खाली सिक्युरिटीकडे कोणीतरी जमा केलीय म्हणे. तुम्हीच जाऊन बघा, मला देणार नाहीत." आणि मेंदूचा एवढा मोठा डॉक्टर जिन्याने धावत तळमजल्यावर गेला. इतक्या वाईट दिवसातही राजरत्नला आतल्या आत थोडं बरं वाटलं.

शेवटी जोएल. "ट्यूब सापडली रे."

जोएल सुई मोडून डब्यात टाकत होता. हात थांबला नाही. "अच्छा," तो म्हणाला. "चांगलं झालं."

बाकी दोघांनी पहिला प्रश्न विचारला तो 'कुठे' असा. जोएलने काहीच विचारलं नाही.

राजरत्न फ्रीजरच्या खोलीत गेला आणि दारामागे, रिकाम्या खोक्यांच्या आड उभा राहिला. गुडघा दुखायला लागला तेव्हा कुलूप उघडल्याचा आवाज आला. जोएल आत आला. बुधाजीच्या डब्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. खाली वाकून तळाच्या कप्प्यातला, जुन्या संपलेल्या अभ्यासाचा डबा ओढला आणि झाकण उघडून आत बघितलं.

मग त्याचे खांदे सैल पडले. ट्यूब तिथेच होती.

"मला खोटं बोलायची सवय आहे रे," राजरत्न मागून म्हणाला. "तुला नाहीये. म्हणून पकडला गेलास."

४

जोएल पळाला नाही. तो स्टुलावर बसला आणि ट्यूब परत डब्यात ठेवून झाकण लावलं, वितळू नये म्हणून. चोरी पकडली गेल्यावरही मालाची काळजी. हे राजरत्नच्या नोंदीत बसेना.

"लपवायचीच होती तर फेकून का नाही दिलीस?"

"माणसाचं रक्त आहे, अंकल. असं कसं फेकू?"

"मग लपवलीस कशाला?"

"डॉक्टरांना सांगा, माझ्याकडून गहाळ झाली. मला काढून टाकतील. चालेल."

"कोणी सांगितलं होतं तुला?"

"कोणी नाही. आईशपथ."

"माझ्या भावाने तुझं काय बिघडवलंय?"

"काही नाही." जोएलचं लक्ष दाराच्या काचेकडे गेलं. काचेपलीकडे कॉरिडॉर, कॉरिडॉरमध्ये बाक. जेन कोणाला तरी फुगे देत होती. "थोड्या दिवसांचा प्रश्न होता, अंकल. अभ्यासाचं पुढचं रक्त घेतलं की सगळं आपोआप बरोबर झालं असतं. कोणाला काही सांगावं लागलं नसतं."

"पुढचं रक्त?" राजरत्नला आवाज आवरेना. "उद्या सकाळी वहिनी सही करणार आहेत. मशीन बंद. पुढचं रक्त कोणाचं घेणार होतास तू? माझा भाऊ असणार नाहीये."

जोएलच्या तोंडावरचा रंग उडाला. तो नाटक करत नव्हता. नाटक राजरत्नला लांबून ओळखता यायचं.

"मला वाटलं, घरच्यांना नुसती शंका आहे, म्हणून परत मोजतायत. त्या आकड्यावर कोणी असं..." तो थांबला. "तो तर नुसता अभ्यास आहे ना?"

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. डॉक्टर केळुसकर, धापा टाकत. "सिक्युरिटीकडे काहीही नाही. तुम्ही मला काय समजता, गमरे?" मग त्यांची नजर जोएलवर, मग तळाच्या डब्यावर गेली. "हे काय चाललंय?"

जोएलने तोंड उघडलं.

"तू थांब," राजरत्न म्हणाला. काचेपलीकडच्या जेनकडे तो अजून बघत होता. "मी बोलतो. चुकलो तर सांग."

५

"डॉक्टर, माझ्या धंद्यातली एक गंमत सांगतो. क्लेम नाकारला की लोक ती फाईल दहा वेळा उघडायला लावतात. पास झालेला क्लेम परत उघडा म्हणून आजपर्यंत एक माणूस आलेला नाही. आपण सगळे सकाळपासून वाईट बातमीच्या मागे लागलोय. चांगली बातमी कोणी तपासली?"

"कुठली चांगली बातमी?"

"फेलिक्सची. त्याचा पहिला आकडा खराब, दुसरा एकदम खाली. तुम्हीच मला म्हणालात, भुगा एकदा चढला की आठवडेन् आठवडे उतरत नाही. मग फेलिक्सचा उतरला कसा?"

डॉक्टरांनी चष्मा काढला.

"उतरू शकत नाही," ते म्हणाले. "एवढ्या लवकर नाही. मी पाहिला तो आकडा. मला वाटलं, मोजण्यात थोडंफार इकडेतिकडे..."

"तुम्हाला छान वाटलं. छान वाटलं की माणूस हिशोब सोडतो. दादाचा वर गेला, फेलिक्सचा खाली आला. दोन्ही आकडे जागचे जागीच आहेत, डॉक्टर. माणसं हललीत. सिस्टरांना बोलवा."

राधा सिस्टर आल्या, आणि खाटांचं नाव काढताच त्यांनी पदराचं टोक धरलं. हो, जेनबाईंनी गयावया केली, म्हणून त्यांनी संध्याकाळी दोन्ही पेशंट इकडचे तिकडे केले होते. वरच्या परवानगीशिवाय. सामान, फाईल, औषधं, सगळं माणसाबरोबर गेलं.

"दांडीला चिकटवलेले बँड?" राजरत्नने विचारलं.

"ते जागच्या जागीच रवले. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या लक्षात इला. गुपचूप बदलले. दोघांका औषधा बरोबरच दिलंय हा मी, फाईल बघून. देवाच्यान."

"आणि ट्रे?"

ट्रेचं सिस्टरांना सुचलंच नव्हतं. रक्ताच्या ट्यूब त्यांचं खातं नव्हे.

"म्हणजे जोएल सकाळी आला तेव्हा खाट दाराची, बँड फेलिक्सचा, ट्रेमध्ये स्टिकर फेलिक्सचे, आणि खाटेवर माझा भाऊ. खिडकीला उलटं. सुजलेल्या तोंडावरून कोण ओळखणार? वहिनींना जमलं नाही." तो जोएलकडे वळला. "तुला कधी कळलं?"

"काल," जोएल म्हणाला. "आंटी सांगत होती, खिडकी कधी मिळाली ते. मी मनात मागे गेलो. सांगायलाच निघालो होतो डॉक्टरांना. तर ती म्हणाली, चल, देवाचे आभार मानायला आपण दोघं मिळून थँक्सगिव्हिंगचं गाणं म्हणू. आणि तिथेच, बाकावर, म्हणायला लागली. मला नाही जमलं, अंकल. मग कळलं की बुधाजींची ट्यूब परत मोजणार. वाटलं, शंका आहे तर रक्त कोणाचं हेही तपासतील, दोघांचा ब्लड ग्रुप वेगळा, लगेच उघडं पडणार."

"ग्रुप," डॉक्टर एकदम म्हणाले. मघापासून ते पहिल्यांदाच डॉक्टरसारखे दिसले. "मशीन लावायचीसुद्धा गरज नाही. ह्या ट्यूबमध्ये लाल पेशी नाहीत, पण वरच्या पाण्यातूनही ग्रुप काढता येतो. ब्लडबँक आत्ता करून देईल. फेलिक्स ओ आहेत, बुधाजी बी."

फेलिक्सच्या नावाची ट्यूब आपल्या खणात शांत बसली होती. तिला कोणीच हात लावला नव्हता. डॉक्टरांनी दोन्ही ट्यूब स्वतः उचलल्या आणि स्वतः खाली नेल्या.

ब्लडबँकेच्या काचपट्टीवर ठिपके पडले. काही गुळगुळीत राहिले, काहींत दह्यासारख्या गुठळ्या झाल्या. तिथल्या बाईंनी पट्टी उजेडाला धरली, हलवली, परत धरली. बुधाजीच्या नावाच्या ट्यूबमध्ये ओ ग्रुपचा माणूस होता. फेलिक्सच्या नावाच्या ट्यूबमध्ये बी.

"तुमच्या भावाचा आकडा कमीच आहे," डॉक्टर म्हणाले. "गमरे, हा अंदाज आहे, वचन नाही. एका आकड्यावर आधी मी एकदा तोंड उघडलंय. पण उद्या वहिनींनी विचारलं तर मी सांगेन, गळ्याची नळी घाला. झुंजायला जागा आहे."

राजरत्नला ब्लडबँकेच्या बाईंचा मुका घ्यावासा वाटला. लालबागला फोन करून अख्ख्या चाळीला गच्चीवर बोलवावं, वन-वे जिन्याने. त्याने मोबाईल काढलाही.

आणि मग त्याच्या लक्षात आलं की तो भरमसाट आकडा कुठेच गेला नव्हता. फक्त शेजारच्या खाटेवर सरकला होता.

६

रमाबाईला त्याने जिन्यात सांगितलं. तिने ऐकून घेतलं, भिंतीला टेकली, हळूहळू घसरत पायरीवर बसली आणि पदर तोंडात धरला. राजरत्न शेजारी बसला. दोन वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन वर गेले, ती दोघं अंग चोरून बसली.

"भोक पाडू दे," ती मग म्हणाली. "कितीही पाडू दे. मी धुवेन, पुसेन, सगळं करेन." डोळे पुसले. "आणि जेनचं?"

राजरत्नने खाली बघितलं.

"डॉक्टर उद्या सांगणारेत. नीट बसवून, समुपदेशनवाली बाई बोलवून. आधीच सांगायचं नव्हतं ते सांगून बसलेत, आता परत घाई नको म्हणतायत. बरोबरच आहे त्यांचं."

"उद्या?" रमाबाई उठून उभी राहिली. "भावजी, पोरगी आज तिकीट कॅन्सल करतेय."

राजरत्नही उठला.

"एक आकडा खोटा निघू शकतो, हे आपण बघितलं. फेलिक्सभाऊ उठूनही बसतील, कोणी बघितलंय. पण नाही उठले तर? ती पोरगी नाताळला येऊन कोणाला भेटणार? मला आज जे मिळालं ना, ते तिच्याकडचं काढून मिळालंय. मी त्या बाकावर तिच्या शेजारी कशी बसू?"

डॉक्टर केळुसकर वरच्या पायरीवर उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "चला," ते म्हणाले. "मीच सांगतो."

तिघं कॉरिडॉरमध्ये आले. चालता चालता राजरत्न डोक्यात काहीतरी जुळवत होता. मशीन बिघडलं म्हणून सांगावं. नेरिसाची सही हवीय म्हणून बोलवावं. विमा कंपनीचा नियम आहे, मुलगी समोर लागते. एरवी अशा दहा थापा त्याला दात घासता घासता सुचायच्या. आज एकही धड उभी राहीना, आणि जी राहिली ती त्यालाच नको वाटली. सकाळपासून तो तीन माणसांशी खोटं बोलला होता, पण त्यांतल्या कोणीही त्याला फुगे खायला घातले नव्हते.

जोएल आधीच बाकाजवळ उभा होता, हात मागे बांधून. जेनच्या कानाला फोन होता. डिश संपली होती, ती बोटाने कडेचे कण गोळा करत होती. तिला डॉक्टर दिसलेच नाहीत. तिला पुढे चालणारा राजरत्न दिसला.

"नेरिसा, थांब ग जरा," ती फोनमध्ये म्हणाली. "आमचा नाटक्या आला बघ. तोंड बघ कसं पाडून आणलंय, आज नक्की काहीतरी मोठं आहे." आणि त्याला, "बोल. लिफ्टचं काय झालं आता?"

डॉक्टरांनी मागे घसा खाकरला. रमाबाई जाऊन जेनच्या शेजारी बसली आणि तिचा मोकळा हात हातात घेतला.

"जेनबाई," राजरत्न म्हणाला, "तिकीट कॅन्सल करू नका म्हणावं. पोरीला निघू दे. उद्याच."

जेनने त्याच्याकडे बघितलं. ओठांचे कोपरे आधीच वर गेले होते.

"बरं. पुढे?" ती म्हणाली, आणि फोन कानाशी धरून, हसायच्या तयारीत थांबली.